अवरक्त प्रकाश टिपणारे अणुभर जाडीचे पदार्थ

मानवी त्वचेतून अहोरात्र बाहेर पडणारे, डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सुमारे ९.५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) तरंगलांबीपाशी सर्वाधिक तीव्र असतात. त्या तरंगलांबीच्या एका फोटॉनची, म्हणजे प्रकाशकणाची, ऊर्जा जेमतेम ०.१३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते, तर सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन मोकळा करण्यासाठी सुमारे १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात; म्हणूनच काळोखात उभा असलेला माणूस मोबाइलच्या सिलिकॉन-आधारित कॅमेऱ्याला दिसत नाही.

इतक्या दुबळ्या फोटॉनला दाद देणारा पदार्थ हवा, तर त्यातले इलेक्ट्रॉन सैल बांधलेले असावे लागतात, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते. असा इलेक्ट्रॉन खोलीतल्या साध्या उष्णतेनेही सुटतो आणि प्रकाश नसतानाही संवेदकातून प्रवाह वाहू लागतो. पारा, कॅडमियम आणि टेल्युरियम यांचे १९५९ साली ब्रिटनमध्ये पुढे आलेले मिश्रण आजही या कामात अव्वल मानले जाते, पण लांब तरंगलांबीच्या अवरक्त किरणांसाठी ते अनेकदा उणे १९६ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवावे लागते.

हा नको असलेला प्रवाह पदार्थाच्या आकारमानाबरोबर वाढतो. मग थर पातळ केला तर? द्विमितीय, म्हणजे जेमतेम एक-दोन अणूंइतक्या जाडीच्या थरांत सोलता येणाऱ्या, पदार्थांविषयीच्या आशेचे मूळ या साध्या प्रश्नात आहे. २००४ साली मँचेस्टरमध्ये चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे पापुद्रे सोलून मिळवलेले ग्राफीन एका अणूइतके जाड असते आणि दृश्य प्रकाशापासून अवरक्तापर्यंत सर्व तरंगलांबी शोषते. मात्र त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी अवघा २.३ टक्के भाग त्यात अडतो, बाकीचा आरपार निघून जातो. पातळपणाने जे कमावले, ते पातळपणानेच गमावले जाते. ही तूट भरून काढण्यासाठी थराखाली प्रकाश परतवणारा आरसा ठेवतात किंवा वर क्वांटम ठिपक्यांचा, म्हणजे प्रकाश शोषणाऱ्या अतिसूक्ष्म अर्धवाहक कणांचा, लेप देतात.

काळा फॉस्फरस हे फॉस्फरसचे थराथरांचे रूप मला अधिक आश्वासक वाटते. त्याच्या काही डझन थरांचा पापुद्रा सुमारे ४ मायक्रॉनपर्यंतचे किरण टिपतो. मात्र तो हवेत उघडा राहिला, की ऑक्सिजन आणि बाष्प यांच्यामुळे त्याच्या पृष्ठभागावर काही तासांतच थेंबासारखे फुगवटे दिसू लागतात. म्हणून तो षट्कोनी बोरॉन नायट्राइड या दुसऱ्या थरयुक्त, विद्युतरोधक पदार्थाच्या दोन पापुद्र्यांमध्ये बंद करतात. अशा पदार्थांचे थर एकमेकांना दुबळ्या आकर्षणानेच धरून असल्यामुळे, पारंपरिक स्फटिकांप्रमाणे त्यांची अणुरचना खालच्या थराशी जुळवत बसावे लागत नाही.

सोललेला पापुद्रा मात्र सहसा काही डझन मायक्रॉनच रुंद असतो, आणि कॅमेऱ्याला तर एकसारखे लाखो संवेदक लागतात. त्यामुळेच प्लॅटिनम आणि सेलेनियम यांच्या प्लॅटिनम डायसेलेनाइड या थरयुक्त संयुगाकडे आता लक्ष वळले आहे: ते हवेत टिकते आणि सुमारे ४०० अंश सेल्सिअसला, म्हणजे खालच्या सिलिकॉन चिपला इजा न होता, थेट तिच्यावरच तयार करता येते.