एरंडेल तेलात विष असतं का?

‘एरंडाच्या बीत रिसिन हे जहाल विष असतं, म्हणजे एरंडेलही विषारीच’ हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यातला पहिला भाग खरा आहे. बिया चावून खाल्ल्या तर जीवावर बेतू शकतं, त्यामुळे मुलांच्या हाती त्या लागूच देऊ नका.

पण रिसिन हे प्रथिन आहे. ते पाण्यात विरघळतं, तेलात नाही. बियांतून तेल काढल्यावर रिसिन पेंडीत राहतं. तेलात चुकून अंश उतरलाच, तर शुद्धीकरणातल्या उष्णतेने तो निकामी होतो. पेंडीतल्या या रिसिनमुळेच कच्ची पेंड गुरांना घालत नाहीत, खत म्हणून वापरतात.

मग एरंडेलाने पोट साफ होतं ते कशामुळे? तेलात सुमारे 90 टक्के असलेल्या रिसिनोलिक आम्लामुळे. ते आतड्याच्या स्नायूंतले ईपी-3 नावाचे ग्राहक (पेशींवरचे संदेश टिपणारे रेणू) चेतवतं, हे 2012 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसलं. गर्भाशयावरही त्याचा तसाच परिणाम होतो. त्यामुळे गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते मुळीच घेऊ नये. मला खरी काळजी या गोष्टीची वाटते.