१५ सेंटिमीटरच्या बादलीतून पानापर्यंत : भूपृष्ठ मॉडेलांची पार्श्वभूमी

१ मिलिमीटर पाण्याची वाफ व्हायला दर चौरस मीटरला सुमारे २४.५ लाख जूल उष्णता लागते. २४ तासांवर वाटली तर ती २८ वॅट भरते. दिवसाला ५ मिमी पाणी सोडणाऱ्या पिकात १४० वॅट वाफेवर खर्च होतात. ओल संपली की हीच उष्णता हवा आणि माती तापवते. म्हणूनच हवामानाच्या मॉडेलला मातीतल्या पाण्याचा हिशेब ठेवावा लागतो. तो ठेवणारा भाग म्हणजे भूपृष्ठ मॉडेल.

१९४८ मध्ये इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड केंद्रातल्या हॉवर्ड पेनमन यांनी या हिशेबातल्या बाष्पीभवनाचे सूत्र दिले. पृष्ठभागाचे तापमान मोजणे अवघड. त्यांनी ते समीकरणातून काढूनच टाकले. हवेचे तापमान, आर्द्रता, वारा आणि ऊन एवढ्यावर बाष्पीभवन काढता येऊ लागले. पण हे ओल्या पृष्ठभागापुरतेच होते. १९६५ मध्ये जॉन माँटेथ यांनी त्यात पृष्ठभागाचा रोध घातला, म्हणजे पर्णरंध्रांतून (पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून) वाफ बाहेर पडताना होणारा अडथळा. पिकांची पाण्याची गरज काढण्याच्या एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या) १९९८ च्या पद्धतीतले १२ सेंमी उंचीचे संदर्भ गवत आणि त्याचा ७० सेकंद प्रतिमीटर रोध याच मांडणीतून आले.

जागतिक मॉडेलांची सुरुवात मात्र याहून साधी होती. १९६९ मध्ये हवामानशास्त्रज्ञ स्युकुरो मानाबे यांनी सोव्हिएत शास्त्रज्ञ बुडिको यांची कल्पना घेऊन जमिनीला १५ सेंमी पाणी मावणारी बादली मानले. वर सांडले ते अपधाव, म्हणजे वाहून जाणारे पाणी. बादली तीन चतुर्थांशापेक्षा जास्त भरलेली असेल तर बाष्पीभवन पूर्ण वेगाने, त्याखाली पाण्याच्या प्रमाणात कमी. त्या काळच्या संगणकांवर हे धाडसच होते आणि ते चालले. दोष एवढाच की बादलीला पाने नव्हती. पाणी भरपूर असले तरी झाड रंध्रे आवळून ते राखते, हे तिला ठाऊक नव्हते. त्यामुळे पावसानंतर वाफ फार आणि मग एकदम कोरड.

ही उणीव १९८६ मध्ये डिकिन्सन यांच्या ‘बॅट्स’ आणि सेलर्स यांच्या ‘सिब’ या मॉडेलांनी भरली: पर्णछत्र, मुळे आणि मातीचे थर वेगळे झाले. १९९६ च्या ‘सिब-२’ मध्ये रंध्रांचे उघडणे प्रकाशसंश्लेषणाशी बांधले गेले.

मग तुलना झाली. १९९२ मध्ये सुरू झालेल्या ‘पिल्प्स’ या भूपृष्ठ मॉडेलांच्या तुलनेच्या प्रकल्पात नेदरलँड्समधल्या काबाऊच्या गवताळ जमिनीचे एकच हवामान २३ मॉडेलांना दिले. एकाच आकाशाखाली ती उष्णता आणि वाफ यांची वाटणी निरनिराळी करत होती. १९९७ मध्ये कॉस्टर आणि मिली यांनी त्याचे मर्म दाखवले: ‘जमिनीतला ओलावा’ हा आकडा ज्या त्या मॉडेलच्या बाष्पीभवन व अपधावाच्या नियमांनुसार अर्थ घेतो. एका मॉडेलचा ओलावा थेट दुसऱ्यात भरून ते चालवायला सुरुवात करू नये, ते यासाठी. त्याऐवजी तेच हवामान पुन्हा पुन्हा देऊन, खोल थर स्थिरावेपर्यंत मॉडेल वर्षानुवर्षे चालवावे लागते.

आपल्या काळ्या जमिनीत हा प्रश्न जास्त टोचतो. तिथे २० टक्क्यांहून अधिक पाणी असूनही पीक कोमेजू शकते. वाळूत तेवढेच पाणी म्हणजे चांगली ओल. शिवाय उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात. जूनच्या पहिल्या जोरदार सरीचे बरेच पाणी त्यांतून सरळ खाली उतरते, तर बहुतेक मॉडेले मातीत पाणी कसे झिरपते हे सांगणाऱ्या १९३१ च्या रिचर्ड्स समीकरणाने वरचा थर आधी भिजवतात आणि तिथूनच त्याची वाफ करून टाकतात.