वॉटचे एकस्व (पेटंट)

वाफेच्या एंजिनातील स्वतंत्र संघनकासाठी (वाफ निववून तिचे पाणी करणाऱ्या पात्रासाठी) जेम्स वॉट यांना इंग्लंडमध्ये ५ जानेवारी १७६९ रोजी मिळालेले एकस्व. एकस्वाने नवनिर्मितीला चालना मिळते की खीळ बसते, या वादात हे उदाहरण हटकून येते.

वॉट यांच्या आधीच्या न्यूकोमेन यांच्या वाफेच्या एंजिनात थंड पाण्याचा फवारा सिलिंडरातच मारीत. त्यामुळे दट्ट्याच्या प्रत्येक खेपेला सिलिंडर निवे आणि तो पुन्हा तापवण्यात कोळसा वाया जाई. वॉट यांनी वाफ निववण्यासाठी वेगळे पात्र जोडले. ही कल्पना त्यांना १७६५ च्या सुमारास सुचली. १४ वर्षांची मुदत संसदेने १७७५ मध्ये खास कायदा करून १८०० पर्यंत वाढवली. ही वाढ नसती, तर भागीदार मॅथ्यू बोल्टन यांनी एवढे भांडवल घातले असते का, हा प्रश्न रास्त आहे.

खरा कीस पडला तो एकस्वाच्या विवरणपत्रावर, म्हणजे शोधाचे वर्णन करणाऱ्या लेखावर. त्यात एंजिनाची आकृती नव्हती; वाफ व इंधन यांचा खप कमी करण्याची ‘पद्धत’ तेवढी शब्दांत सांगितली होती. नुसत्या तत्त्वावर हक्क सांगता येतो का? एंजिने बांधणारे एडवर्ड बुल यांच्याविरुद्धच्या खटल्यात १७९५ मध्ये चार न्यायाधीशांची मते दोन-दोन अशी विभागली गेली. अखेर १७९९ मध्ये, जेबेझ हॉर्नब्लोअर यांच्याविरुद्धच्या खटल्यात, एकस्व वैध ठरले. त्यांचे बंधू जोनाथन हॉर्नब्लोअर यांचे दोन सिलिंडरांचे संयुक्त एंजिन (१७८१) याच कचाट्यात सापडले.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील कॉर्नवॉलमधील खाणमालकांना वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा तिसरा हिस्सा शुल्क म्हणून द्यावा लागे, आणि ते त्यांना फार जाचे. तेथील एंजिनांची कार्यक्षमता १८०० नंतर, विशेषतः १८११ पासून प्रत्येक एंजिनाच्या कामगिरीचे मासिक तक्ते छापले जाऊ लागल्यावर, झपाट्याने वाढली. यावरून एकस्वच अडसर होते असे काही अभ्यासक मानतात. तथापि कार्यक्षमता वाढवणाऱ्या उच्च दाबाच्या वाफेला वॉट यांचा स्वतःचाच विरोध होता, बाष्पित्रे (बॉयलर) फुटण्याचे भय खरे होते आणि कॉर्नवॉलचे अभियंता रिचर्ड ट्रेव्हिथिक यांनीही १८०२ मध्ये उच्च दाबाच्या एंजिनाचे एकस्व घेतलेच. म्हणून सारा दोष एकस्वावर न टाकता मुदतवाढीवर व व्यापक अर्थ लावण्यावर ठेवणारे मत अधिक ग्राह्य वाटते.

खुद्द वॉटही या व्यवस्थेतून सुटले नाहीत. चक्राकार गतीसाठी भुजा (क्रँक) वापरण्याचे एकस्व १७८० मध्ये जेम्स पिकार्ड यांनी मिळवले होते. ते टाळण्यासाठी वॉट यांनी १७८१ मध्ये सूर्य-ग्रह दंतचक्राची रचना नोंदवली. ती बहुधा त्यांच्याकडे काम करणारे विल्यम मर्डॉक यांनी सुचवली असावी. एका दंतचक्राभोवती दुसरे फिरवणारी ही जुळणी साध्या भुजेहून गुंतागुंतीची होती, आणि पिकार्ड यांच्या एकस्वाची मुदत १७९४ मध्ये सरल्यानंतरही काही वर्षे ती वापरात राहिली.