चार्जिंग पॅडवर हुकूम फोनचा

बिनतारी चार्जिंगच्या पॅडवर फोन ठेवला, की वीज किती आणि केव्हा द्यायची हे पॅड ठरवत असेल असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तो अधिकार बहुतांशी फोनकडे असतो. पॅडमधील तांब्याच्या वेटोळ्यातून सेकंदाला लाखाहून अधिक आवर्तने असलेला प्रवाह वाहतो, त्याचे चुंबकीय क्षेत्र सतत बदलत राहते आणि फोनच्या पाठीमागील वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. हे तत्त्व मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्येच दाखवून दिले होते. कठीण आहे ते त्यावर नियंत्रण ठेवणे, कारण फोन काही मिलिमीटर सरकला किंवा कव्हर जाड असले तरी दोन वेटोळ्यांमधील चुंबकीय जोड बदलते, आणि बॅटरी भरत जाते तशी तिची गरजही घटते.

बिनतारी चार्जिंगच्या ‘ची’ (Qi) या प्रचलित मानकाने यावर काढलेला मार्ग मला फार सुंदर वाटतो. फोन आपल्या वेटोळ्यावरील भार ठरावीक लयीत कमी-अधिक करतो, त्याचे पडसाद पॅडच्या वेटोळ्यात उमटतात आणि ज्या मार्गाने वीज येते त्याच मार्गाने, वेगळ्या अँटेनाशिवाय, संदेश उलट जातो. हव्या असलेल्या आणि मिळालेल्या विजेतील फरक त्यात असतो. त्यानुसार पॅड वारंवारता किंवा विद्युतदाब बदलते आणि संदेश थांबले तर पुरवठा तोडते. फोन मिळालेली शक्तीही कळवतो. ती पाठवलेल्या शक्तीपेक्षा फारच कमी भरली, तर मध्ये एखादे नाणे किंवा किल्ली तापत असावी असे मानून पॅड चार्जिंग थांबवते.

२०२३ मध्ये आलेल्या ‘ची २’ने चुंबकांचे कडे जोडून फोन नेमक्या जागी बसेल अशी सोय केली.

अंतरच सतत बदलत असेल, तर मात्र चुंबकांचा उपयोग नाही. स्टॅनफर्डमधील शान्हुई फॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये वीज पाठवणाऱ्या बाजूचा ठरावीक वारंवारतेचा स्रोतच काढून त्याजागी प्रवर्धक (अँप्लिफायर) बसवला. अंतर बदलताच हे परिपथ योग्य वारंवारता आपोआप धरते, त्यामुळे सुमारे एक मीटरच्या टप्प्यात दिवा एकसारखा उजळत राहिला. त्या प्रवर्धकातच बरीचशी ऊर्जा वाया जात होती. २०२० मध्ये नव्या प्रवर्धकाने ६५ सेंटिमीटरपर्यंत एकूण कार्यक्षमता ९२ टक्क्यांवर नेली. धावत्या मोटारीला रस्त्यातूनच वीज पुरवायची असेल, तर संदेशांची देवाणघेवाण करून जुळवून घेण्याइतकी उसंत मिळणार नाही, म्हणून ही दिशा मला अधिक मोलाची वाटते.