लाकडाचा बैल आणि कागदाचा बडग्या

घरातल्या साध्या वस्तूंकडे नव्या नजरेनं बघा, छंदाला थोडा वेळ द्या, कल्पना सुचत जातील, हा सल्ला हल्ली फी भरून कार्यशाळेत मिळतो. नागपुरात त्यासाठी पंचांगातच एक दिवस राखून ठेवलेला आहे: भाद्रपद शुद्ध प्रतिपदा, पोळ्याचा दुसरा दिवस, म्हणजे पोळ्याची कर. या दिवशी इतवारी आणि महाल या जुन्या वस्त्यांतून मारबती आणि बडगे, म्हणजे ईडापीडा घालवायला केलेले पुतळे, निघतात, आणि दिवस कलला की गल्लोगल्लीची पोरं चाकांवरचे लाकडी बैल ओढत तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलांच्या पोळ्याला जातात. एकीकडे बांबू, रद्दी, जुनी लुगडी आणि झाडू, तर दुसरीकडे लाकडाचा ठोकळा आणि चार चाकं. बाहेरगावच्या पाहुण्याला हे दोन वेगळे सण वाटतात. मला मात्र दोन्हींचं मूळ एकच दिसतं. जे आपल्यापाशी नाही, ते घरात पडलेल्या वस्तूंतून उभं करायचं. छंद, कला, कल्पकता हे शब्द त्याला फार नंतर चिकटले.

आधी बैलाचं. मोठा पोळा श्रावण अमावास्येला, पिठोरीच्या दिवशी. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळून बैलाला सांगायचं, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ दुसऱ्या दिवशी शिंगांना रंग आणि बेगड, गळ्यात घुंगरमाळा, पाठीवर झूल, कपाळावर बाशिंग. मग तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात, झडत्या, म्हणजे यमकातल्या ओळी, म्हटल्या जातात आणि पोळा फुटतो. हे सगळं ज्याच्या दावणीला बैल आहे त्याचं. पण भोसल्यांचं नागपूर हे दरबारी शहर होतं. सरदार, कारकून, विणकर, तेली, सोनार, शिपाई असा सगळा गोतावळा इथे होता आणि त्यातल्या पुष्कळांच्या दारी बैल नव्हता. लहान पोरांच्या हाती तर शेतकऱ्याच्या घरीही उधळलेला बैल कोणी देत नाही.

तान्हा पोळा दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ मध्ये सुरू केला, असं नागपूरची परंपरा सांगते. महालातल्या वाड्यातर्फे निघणारा मोठा लाकडी बैल त्याच काळातला मानला जातो. मुलांना बैलाचं मोल कळावं हा हेतू सगळे सांगतात आणि तो खराही असेल. पण साल जरा शेजारच्या सालांबरोबर ठेवून पाहावं. १८०३ च्या नोव्हेंबरात इंग्रजांशी आडगावची लढाई हरली, डिसेंबरात गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहानं याच रघुजींना कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडावा लागला. इतकं गेल्यावर तीन वर्षांनी हा राजा रयतेच्या पोरांसाठी लाकडी बैलांचा सण भरवतो. या दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध जोडायला माझ्याकडे काही पुरावा नाही, म्हणून जोडत नाही. पण उत्सव काही सुखाच्या दिवसांतच जन्मतात असं नाही, एवढं त्यावरून दिसतं.

चाकांवरचा बैल ही कल्पना नागपूरची नाही, ती पुष्कळ जुनी आहे. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये काशाच्या चार वस्तू सापडल्या. दोन बैल जुंपलेला रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि म्हैस. त्यातले गेंडा आणि म्हैस चक्क चाकांवर उभे आहेत. त्या वस्तू पूजेच्या की मिरवणुकीच्या यावर जाणकारांचा वाद आहे, आणि तो लवकर मिटेल असं वाटत नाही. नागपूरच्या लाकडी नंदीबद्दलही नेमकं हेच म्हणता येतं. त्याला कुंकू लावतात, ओवाळतात, आणि पाच मिनिटांनी त्याच्या नाकातली दोरी धरून पोरगं त्याला रस्त्यानं खडखडत नेतं. देव आणि खेळणं यांत फरक करण्याची घाई आपल्याकडे कोणाला नव्हती.

खरी गंमत सजावटीत आहे. बैल बाजारातून येतो. पोळ्याच्या आधी महाल-इतवारीत लाकडी बैलांच्या रांगा लागतात, मुठीत मावणाऱ्यापासून दोघांनी उचलावा लागेल इतक्यापर्यंत. पण तो तुमचा होतो घरी आल्यावर. झूल कशाची करायची? आजीच्या जुन्या लुगड्याचा काठ निघतो. घुंगरू नसतील तर तुटलेल्या पैंजणाचे. गोंडे उरलेल्या लोकरीचे, शिंगांना मिठाईच्या डब्यावरचा सोनेरी कागद. या दिवशी घरातली प्रत्येक वस्तू बैलाच्या मापानं पाहिली जाते, आणि ‘हे कशाला पाहिजे तुले?’ या प्रश्नाला मुलाकडे पहिल्यांदाच चोख उत्तर असतं. मग बैल घेऊन घरोघर जायचं आणि बोजारा गोळा करायचा. दहा-वीस रुपये हातावर ठेवणारा शेजारी आधी बैल निरखून पाहतो, शेपटीला नाव ठेवतो, झुलीची तारीफ करतो. लहान कारागिराला इतका रोखठोक प्रेक्षक आणि लगेच मिळणारी बिदागी दुसरीकडे कुठे मिळते?

शब्दांचंही तसंच. पोळ्याच्या तोरणाखाली म्हणायच्या झडत्या ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’ या ठेक्यावर येऊन थांबतात. त्या ठेक्याआधी काय भरायचं याला मोकळीक असते. कपाशीचा भाव, न पडलेला पाऊस, सावकार, सरपंच, जे त्या वर्षी डोक्यात घोळत असेल ते यमकात बसवायचं. साचा ठरलेला आणि माल रोजचा. नवं सुचावं यासाठी कोरा कागद समोर ठेवतात, त्यापेक्षा मला ही अर्धी ठरलेली, अर्धी मोकळी व्यवस्था जास्त कामाची वाटते.

मारबतीचा इतिहास याहून कडू आहे. खेड्यापाड्यांत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पळसाच्या डहाळ्या गावाबाहेर नेऊन टाकतात आणि ओरडतात, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!’ रोगराई, माश्या, चिलटं, सगळं तिनं सोबत न्यावं अशी मागणी. पावसाळ्याच्या शेवटी रोगराईनं गांजलेल्या गावाचा हा साधा विधी. नागपुरात त्या डहाळीला अंगरूप आलं. काळी मारबत १८८१ पासूनची आणि पिवळी १८८५ पासूनची सांगतात. पिवळी जागनाथ बुधवारीतल्या तऱ्हाणे तेली समाजाची. बांबूचा सांगाडा, त्यावर कागद आणि कापड, वर रंग. मिरवणुकीत दोघींची भेट होते ती पाहायला गर्दी लोटते, आणि शेवटी दोघींचं दहन.

काळ्या मारबतीला कोणी पूतना मानतं. जुन्या नागपूरकरांच्या तोंडी मात्र दुसरं नाव आहे, बाकाबाई. ती दुसऱ्या रघुजींचीच राणी. म्हणजे ज्या राजाच्या नावावर तान्हा पोळा आहे, त्याच्याच विधवेच्या नावानं त्याच दिवशी पुतळा जाळतात. तिसरे रघुजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले, वारस नाही म्हणून डलहौसीनं १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. जडजवाहीर गेलं, वाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर लिलावात काढले. बाकाबाईनं या सगळ्याला विरोध केला होता. तरी १८५७ मध्ये ती इंग्रजांच्या बाजूनं राहिली आणि नागपूर शांत राहिलं, ही गोष्ट लोक विसरले नाहीत. ती १८५८ मध्ये गेली. मारबत निघाली त्यानंतर २३ वर्षांनी. गावाचा राग इतका टिकतो, आणि त्याला बाहेर पडायला वाट लागते. तलवार नव्हती, वर्तमानपत्र थोड्यांच्या हाती होतं. बांबू आणि कागद सगळ्यांकडे होता.

बडग्या हा या मिरवणुकीतला धाकटा आणि माझ्या मते सर्वांत हुशार गडी. मारबत दरवर्षी तीच असते, बडग्या दरवर्षी नवा. गल्लीतल्या पोरांनी काड्या, फांद्या, चिंध्या, रद्दी गोळा करून केलेला बाहुला, ही त्याची सुरुवात. पुढे त्याला तोंड फुटलं. महागाई, भ्रष्टाचार, रस्त्यातले खड्डे, गाजलेलं एखादं प्रकरण, शेजारी देशाची आगळीक, जे त्या वर्षी लोकांना बोचलं असेल त्याचा बडग्या होतो. त्याच्या गळ्यात चपला, हातात फाटका झाडू, कमरेला रिकामे डबे. या सगळ्या रोजच्या वापरातल्या वस्तू आहेत, आणि म्हणूनच त्या मनाला झोंबतात. गॅस सिलेंडर खरा ठेवायची गरज नसते. पुठ्ठ्याला लाल रंग मारला की रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बायका हसायला लागतात. विनोद समजावून सांगावा लागत नाही, कारण वस्तू प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात आहे. एक तक्रारही नोंदवतो. अलीकडे काही बडग्यांवर पुतळ्यापेक्षा फलकावरचा मजकूर मोठा असतो. जिथे इतकं लिहावं लागतं तिथे पुतळा कमी पडलेला असतो.

टाकाऊ वस्तूतून बैल करणं हा उद्योग जगाच्या दुसऱ्या टोकालाही झाला, आणि तोही अडचणीच्या काळात. जर्मनांनी व्यापलेल्या पॅरिसमध्ये १९४२ साली पाब्लो पिकासोला मोडक्या सामानात सायकलची सीट आणि हँडल दिसलं. सीटचं तोंड, हँडलची शिंगं, झालं बैलाचं डोकं. त्यानं दोन वस्तू एकमेकींना जोडण्यापलीकडे काही केलं नाही. पुढे तो असंही म्हणाला की कोणी हे डोकं उकिरड्यावर टाकावं आणि दुसऱ्या कोणी उचलून त्याची पुन्हा सीट आणि हँडल करावं, तर बरं वाटेल. प्रत्यक्षात ते पॅरिसच्या संग्रहालयात भिंतीवर गेलं. बडग्याच्या वाट्याला संग्रहालय येत नाही. तो त्याच दिवशी जळतो, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा विचार करावा लागतो. मला नागपूरची रीत जास्त कडक वाटते आणि जास्त फळणारीही.

रोजच्या वस्तूतून शिकता येतं, हा विचार शाळेत शिरला तोही याच टापूत. नागपूरहून साधारण ७५ किलोमीटरवरच्या वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली. गांधीजींनी मांडलेल्या नई तालीमचा, म्हणजे हातकामातून शिक्षणाचा, आराखडा करायला झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या योजनेच्या मध्यभागी होती सूत कातायची टकळी: एक काडी आणि एक चकती. सुताची लांबी मोजताना गणित, कापूस कुठून येतो यात भूगोल, गिरण्या का आल्या यात इतिहास. योजना फार पसरली नाही. हातकामाला शाळेत दुय्यम मानण्याची आपली खोड तिच्या आड आली, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. पण धागा तुटला नाही. उत्तरेला, इटारसीच्या पुढे होशंगाबादमध्ये १९७२ साली १६ शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. १९७८ मध्ये तिथे गेलेल्या अरविंद गुप्तांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून त्रिकोण, चौकोन, घनाकृती उभ्या केल्या. दोन्ही वस्तू आठवडी बाजारात मिळणाऱ्या. त्रिकोण दाबला तरी हलत नाही आणि चौकोन लगेच कलतो, हे मुलाच्या बोटांना कळतं. पुलाच्या आणि छपराच्या कैचीत त्रिकोण का असतात, हे मग वेगळं शिकवावं लागत नाही.

खुद्द नागपुरात अपूर्व विज्ञान मेळा याच वाटेवरचा. तिथे महापालिकेच्या शाळांतली मुलं स्ट्रॉ, बाटल्या, फुगे, चुंबक, आरसे असल्या सामानावर प्रयोग मांडतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगतात. टेबलापलीकडे ज्यांना शाळेत फारसं कोणी विचारत नाही अशी पोरं असतात. बोजारा मागणाऱ्या पोराची ऐट त्यांच्यात दिसते.

आता बैलाची सध्याची स्थिती. शेतात ट्रॅक्टर आला, जोड्या घटल्या, आणि पुष्कळ गावांत तोरणाखाली पूर्वीसारखी दाटी होत नाही. तान्हा पोळा मात्र वाढला. सोसायट्यांत, शाळांत, मंदिरांच्या अंगणांत स्पर्धा होतात, बैलासोबत मुलांची वेशभूषाही होते. खरी वस्तू मागे पडली आणि तिचं खेळणं पुढे गेलं, असं क्वचित घडतं. २०१८ च्या राज्यातल्या बंदीनंतर थर्माकोलचे देखावे अडचणीत आले, त्याचं मला काही वाईट वाटत नाही. कागद आणि कापड परत आलं तर झुली बऱ्या होतील. खंत आहे ती तयार सजवलेल्या बैलाची. तो विकत घेतला की मुलाला करायला काही उरत नाही आणि आजीचं लुगडं कपाटातच राहतं.

तरीही बहुतेक घरांत अजून काहीतरी घरी करावंच लागतं, कारण दुकानातल्या बैलाला दोरी असतेच असं नाही. मग शेतीशी दोन पिढ्या संबंध नसलेल्या फ्लॅटमध्ये वेसण नेमकी कुठून घालायची यावर वाद होतो. बाप मोबाईलवर फोटो शोधतो, मुलगी शिंगांना गाठ मारून मोकळी होते, आणि आजोबा दोरी सोडायला लावून पुन्हा नाकातून घालून दाखवतात.