शाई खरी, कागद नाही

ई-इंक टॅबलेट (विजेने हलणाऱ्या शाईच्या पडद्याचं वाचायचं-लिहायचं यंत्र) पहिल्यांदा हातात घेतला की बहुतेकांच्या तोंडून निघतं, ‘पडदा मळकट आहे.’ ते खोटं नाही. पडलेल्या उजेडापैकी जेमतेम 40 ते 45 टक्के उजेड हा पडदा परत पाठवतो. छपाईचा चांगला पांढरा कागद याच्या जवळपास दुप्पट पाठवतो. त्यामुळे संध्याकाळच्या अंधुक खोलीत पडदा करडा दिसतो, पण दुपारी नाशिकच्या गोदाघाटाच्या पायऱ्यांवर, जिथे मोबाइलमध्ये फक्त आपलाच चेहरा दिसतो, तिथे याची अक्षरं छापल्यासारखी उठून येतात. आतले दिवेही पाठीमागे नसतात. ते कडेला असतात आणि वरून पडद्यावर उजेड पसरवतात.

नाशिकरोडला 1928 पासून नोटा छापल्या जातात, त्यामुळे या गावाला शाईचं कौतुक नवं नाही. इथे मात्र शाई छपाईनंतरही हलती राहते. पडद्यात केसाच्या जाडीच्या लाखो सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येकीत पारदर्शक तेलकट द्रव आणि त्यात दोन प्रकारचे कण असतात: पांढरे टायटॅनियम डायऑक्साइडचे (भिंतीच्या पांढऱ्या रंगातही हेच असतं) आणि काळे. दोघांवर विरुद्ध विद्युतभार असतो. साधारण 15 व्होल्टचा धक्का दिला की एक रंग वर येतो, दुसरा तळाशी जातो. वीज बंद केली तरी कण जागचे हलत नाहीत. म्हणूनच बॅटरी संपलेल्या टॅबलेटवरही शेवटचं पान तसंच दिसत राहतं. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या मीडिया लॅबमधल्या या कामातून 1997 साली ई-इंक कंपनी निघाली आणि 2004 मध्ये सोनीने जपानात अशा पडद्याचं पहिलं वाचन-यंत्र बाजारात आणलं.

या यंत्राचे गुण आणि खोडी दोन्ही एकाच गोष्टीतून येतात: कणांना द्रवातून पोहत जावं लागतं. करड्याच्या 16 छटा नीट उमटवायला जवळपास अर्धा सेकंद लागतो. घाई केली तर काही कण अर्ध्या वाटेत राहतात आणि मागच्या पानाची पुसट सावली दिसते. ती घालवायला अधूनमधून सगळा पडदा काळा-पांढरा लुकलुकवावा लागतो. मजकुरासाठी दर 8-10 पानांनी हे ‘फुल रिफ्रेश’ पुरतं. चित्रं आणि तक्ते असतील तर प्रत्येक पानाला लावा. थंडीत द्रव घट्ट होतो आणि कण रेंगाळतात. निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर आला की मळ्यातल्या ओट्यावर पहाटे पान उलटायला लागणारा जादा वेळ डोळ्यांना जाणवतो. यंत्र बिघडलेलं नसतं, घरात आणलं की सुधारतं. त्याला खरा धोका आहे तो एप्रिलमध्ये बंद गाडीच्या डॅशबोर्डवर.

लिहिताना कणांना एवढी सवड देता येत नाही. म्हणून पेन टेकलेलं असेपर्यंत पडदा बहुधा फक्त काळं-पांढरं काढतो. रेघ आधी किंचित दातेरी उमटते आणि पेन उचलल्यावर गुळगुळीत होते. देवनागरीत हे शिरोरेषेला पकडलं जातं. ‘वाचनालय’ लिहून वर झरकन रेघ ओढली, हाताचा वेग सेकंदाला 20 सेंटिमीटर आणि यंत्राचा उशीर 25 मिलिसेकंद धरला, तर शाई टोकाच्या 5 मिलिमीटर मागे असते. दुकानात तपासायचं तर सही करून बघू नका, एक लांब शिरोरेषा ओढा.

बऱ्याच टॅबलेटच्या पेनात बॅटरी नसते. पडद्यामागच्या तारांच्या जाळ्याचं चुंबकीय क्षेत्र पेनातल्या वेटोळ्याला ऊर्जा देतं आणि पेन त्यालाच उत्तर देतं. त्यामुळे कव्हरचं चुंबक चुकीच्या जागी आलं की तेवढ्याच पट्ट्यात रेघ वाकडी होते. कव्हर काढून पुन्हा लिहून पाहा, मगच दुरुस्तीला द्या. पेनाचं टोक झिजून एका बाजूने धारदार झालं की बदला. ते स्वस्त असतं, ओरखडलेला पडदा नव्हे. जाळं सतत चालू राहत असल्यामुळे लिहिताना बॅटरी वाचनापेक्षा कितीतरी लवकर उतरते.

आकार निवडताना मात्र सरळ हिशेब करा. 10.3 इंची पडदा सुमारे 157 बाय 210 मिलिमीटर भरतो. डेमी आकाराची (पुस्तकांचं एक नेहमीचं माप) मराठी कादंबरी त्यावर जवळजवळ मूळ मापात बसते. स्पर्धा परीक्षेच्या ए-4 नोट्स 71 टक्क्यांवर येतात, म्हणजे 12 पॉइंटचं अक्षर साडेआठचं होतं. चारही बाजूंचे 25 मिलिमीटरचे समास कापले की तेच 10 पॉइंटचं होतं, आणि रफार, अनुस्वार, जोडाक्षरं सुटी दिसू लागतात. 6 इंची पडद्यावर ए-4 पान उघडूच नका. अक्षर 5 पॉइंटचं होतं.

जुन्या मराठी पीडीएफची गत वेगळी. त्यातलं एक वाक्य निवडून कॉपी करा आणि दुसरीकडे चिकटवा. देवनागरीऐवजी रोमन अक्षरांची खिचडी आली, तर ती फाइल युनिकोडपूर्व फाँटमध्ये, म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवणाऱ्या जुन्या फाँटमध्ये बनलेली आहे. तिच्यात शोध चालणार नाही आणि मजकूर मोठा करून नव्याने मांडायला गेलं की अक्षरं विस्कटतील. अशा फाइलला समास कापणं आणि टॅबलेट आडवा धरणं, एवढेच उपाय लागू पडतात.