क्वायट रायट

लॉस अँजेलिसमधील अमेरिकन ग्लॅम मेटल बँड. हेवी मेटलचा दणकट गिटारनाद, १९७० च्या दशकातील ब्रिटिश ग्लॅम रॉकची भडक वेशभूषा आणि समूहाने ओरडून म्हणण्याजोगी ध्रुपदे यांचा मेळ या बँडने लोकप्रिय केला. याच शैलीसाठी वापरली जाणारी ‘हेअर मेटल’ ही संज्ञा नंतरची व काहीशी हिणवणारी असल्याने येथे टाळली आहे.

स्थापनावर्ष म्हणून १९७३ रूढ आहे. तथापि गिटारवादक रँडी ऱ्होड्स आणि बेसवादक केली गार्नी तेव्हा ‘माक वन’, ‘लिटल विमेन’ अशा नावांनी वाजवीत. गायक केव्हिन डब्रो व ड्रमवादक ड्रू फोर्सिथ यांच्यासह प्रस्तुत नाव १९७५ च्या सुमारास स्थिरावलेले दिसते. त्यामुळे बँडचा आरंभ तेथून धरणे अधिक सयुक्तिक. नावाची व्युत्पत्ती सहसा अशी सांगतात : ‘स्टेटस क्वो’ या ब्रिटिश बँडचा रिक पारफिट डब्रोशी बोलताना, बँडला ‘क्वाइट राइट’ (अगदी बरोबर) असे नाव द्यायला आवडेल, असे म्हणाला. त्याच्या इंग्रजी हेलामुळे ते ‘क्वायट रायट’ (शांत दंगल) असे ऐकू आले. हा श्लेष देवनागरीत जवळजवळ आपोआप उमटतो.

पहिले दोन अल्बम फक्त जपानमध्ये निघाले. दुसऱ्याच्या वेष्टनावर बेसवादक म्हणून रूडी सार्झोचे नाव असले, तरी वादन गार्नीचे आहे. हा घोळ पुढेही सुटला नाही. *मेटल हेल्थ* (१९८३) या अल्बममधील शीर्षकगीताचा बेस सार्झोचा नव्हे, चक राइटचा आहे.

ऱ्होड्स १९७९ मध्ये ब्रिटिश हेवी मेटल गायक ऑझी ऑस्बोर्नच्या बँडकडे गेला आणि बँड मोडला. डब्रोने काही काळ स्वतःच्याच नावाने बँड चालवला. ऱ्होड्स १९ मार्च १९८२ रोजी फ्लॉरिडात विमान अपघातात मरण पावला. त्यानंतर डब्रो, कार्लोस काव्हाझो (गिटार), ऑस्बोर्नकडून परतलेला सार्झो व फ्रँकी बनाली (ड्रम) हा संच जुन्या नावाने उभा राहिला.

*मेटल हेल्थ*मधील ‘कम ऑन फील द नॉइझ’ हे मूळचे स्लेड या ब्रिटिश बँडचे १९७३ चे गीत. निर्माता स्पेन्सर प्रॉफर याचा आग्रह होता, डब्रोला मात्र ते नको होते. मुद्दाम वाईट वाजवून ते टाळण्याचा बेत होता, असे बनाली नंतर सांगत असे. तेच गीत बिलबोर्ड या अमेरिकन नियतकालिकाच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेले आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये अल्बमने ‘द पोलीस’ या बँडच्या *सिंक्रोनिसिटी*ला अल्बमच्या यादीतील अग्रस्थानावरून हटवले. अग्रस्थानी पोहोचलेला हा ‘पहिला हेवी मेटल अल्बम’ असे म्हणतात. आधीच अग्रस्थान गाठलेल्या लेड झेपेलिन या ब्रिटिश बँडला हेवी मेटल मानल्यास हा दावा टिकत नाही. ‘पहिला पदार्पणातील’ अशी दुरुस्ती केल्यास जपानी अल्बम आड येतात. अमेरिकेतील पदार्पणापुरता तो ग्राह्य धरावा.

*कंडिशन क्रिटिकल* (१९८४) पंधराव्या क्रमांकावर थांबला. त्यातही स्लेडचेच एक गीत होते. सार्झो १९८५ मध्ये बाहेर पडला. १९८७ मध्ये डब्रोलाच काढून पॉल शॉर्टिनोला घेतले, आणि १९८९ मध्ये बँड विसर्जित झाला. डब्रो व बनाली पुढे पुन्हा एकत्र आले. डब्रो २००७ मध्ये निवर्तला. बनालीने २०१० मध्ये बँडचे पुनरुज्जीवन केले, त्यात गायक अनेकदा बदलले. बनालीच्या मृत्यूनंतर (२०२०) सार्झो बँडमध्ये परतला.